सूर्याला मेन स्विच नसतो

विजेचं काम निघालं की आपल्या घरात पहिला प्रश्न एकच असतो : ‘मेन बंद केलाय ना?’ विचारणारा खुर्चीवरून उठत नाही. उत्तर देणाराही मेनकडे बघून येत नाही, नुसतं ‘हो हो’ म्हणतो. तरी हा कारभार पिढ्यान्‌पिढ्या निभावला, कारण मेन कुणीतरी खरोखरच बंद केलेला असायचा, आणि नसला तर नेमकी त्या दिवशी लाइट गेलेली असायची. पायात रबरी चप्पल, एक हात पाठीमागे, खिशात टेस्टर आणि मनात वीज मंडळाविषयी गाढ अविश्वास, एवढ्या भांडवलावर आपण फ्यूजची तार बदलली, ट्यूबचे स्टार्टर फिरवले, गीझर उघडून पुन्हा बंदही केले. वीज भिंतीतून येते आणि खटका पाडला की जाते, एवढं आपलं त्या विषयातलं तत्त्वज्ञान, आणि ते पुरत होतं.

मग २०२४ च्या फेब्रुवारीत पीएम सूर्यघर योजना आली. तीन किलोवॉटला ७८,००० रुपये अनुदान म्हटल्यावर, ज्या गच्चीचा उपयोग आजवर कुरडया वाळवायला आणि कोजागिरीला दूध आटवायला होत होता, तिच्यावर निळी-काळी पॅनलं चढली. त्यांच्याबरोबर प्रत्येक घराला एक तज्ज्ञही मिळाला. हा तज्ज्ञ पूर्वी मधुमेहावर आणि शेअर बाजारावर बोलायचा. आता सिरीज आणि पॅरललवर बोलतो. दहावीच्या विज्ञानात एकसर जोडणी आणि समांतर जोडणी असा भाग असायचा. ज्यांनी तो ऑप्शनला टाकला होता, तेच आज गच्चीवर हात मागे बांधून वायरमनला म्हणतात, ‘दादा, हे सगळं पॅरललच करून टाका ना.’

वायरमन शहाणा असतो. तो ‘करू की’ म्हणतो आणि त्याला करायचं तेच करतो.

तर या पॅनलांना मेन नाही. इन्व्हर्टर बंद करा, खटके पाडा, घराला कुलूप लावून सहकुटुंब तिरुपतीला जा. ऊन आहे तोवर पॅनलच्या वायरीत वीज आहे. खटका पाडला की खटक्याच्या घराकडच्या बाजूची वीज जाते. पॅनलकडची बाजू सूर्य मावळेपर्यंत जिवंत राहते. ढगाळ दिवसालाही फसू नये. अँपिअरला कडक ऊन लागतं, पण व्होल्टला कोवळंही पुरतं. आभाळ भरून आलं असताना माणूस ‘आज काय वीज होणार’ म्हणून निर्धास्त वायर सोडतो, आणि मीटर लावला तर व्होल्ट जवळपास पूर्ण भरतात. (चंद्रप्रकाशात वीज होते का, हा प्रश्न कोजागिरीला हमखास निघतो. कामाची होत नाही. मसाला दूध निवांत प्यावं.)

या सगळ्याच्या बुडाशी असतो तो सेल. सिलिकॉनचा एक सेल कामात अर्ध्या व्होल्टच्या आसपास देतो. काही न जोडता मोकळा ठेवला तर ०.६ दाखवतो. तो तळहाताएवढा असो की नखाएवढा, व्होल्ट तेवढेच. आकाराने वाढतात ते अँपिअर. इंजिनिअरिंगला गेलेला पुतण्या प्रोजेक्टसाठी सुटे सेल आणतो. त्यांची जाडी मिलिमीटरच्या पाचव्या हिश्श्याहूनही कमी, त्यामुळे पहिला सेल डबा उघडतानाच मोडतो. घरातल्यांचं ठाम मत पडतं, की आता यातून पाव व्होल्टच निघणार. पुतण्या मीटर लावून दाखवतो : दोन्ही तुकड्यांना व्होल्ट पूर्ण, अँपिअर निम्मे. यावर काका म्हणतात, ‘मग आणखी मोड, व्होल्ट वाढतील.’ काका निवृत्त असतात, त्यांना वेळ असतो.

१९५४ च्या एप्रिलमध्ये अमेरिकेत बेल प्रयोगशाळेच्या लोकांनी सिलिकॉनचे सेल जगाला दाखवले, तेव्हा त्यांच्यावर खेळण्यातला आकाशपाळणा फिरवला होता. पडलेल्या उन्हातला जेमतेम सहा टक्के भाग त्यांना विजेत उतरवता येत होता. आज तोच आकडा वीसच्या वर गेलाय, पण सेलचा अर्धा व्होल्ट काही फारसा वाढला नाही. अर्ध्या व्होल्टवर घरातलं काहीही चालत नाही, म्हणून सेल एकापुढे एक जोडायचे. नेहमीच्या सेलची उन्हाकडची बाजू मायनस आणि पाठ प्लस. एकाच्या तोंडाची पट्टी पुढच्याच्या पाठीला डाग देऊन लावायची. असे ३६ जोडले की कामात अठराच्या आसपास आणि मोकळे ठेवले तर २१-२२ व्होल्ट मिळतात. याला बाजारात ‘बारा व्होल्टचं पॅनल’ म्हणतात. बारा सांगून एकवीस हातात पडण्याचा प्रकार आपल्याला दुसऱ्या कुठल्याच दुकानात भेटलेला नसल्यामुळे लोक मीटर परत करायला जातात. खरं कारण साधं आहे. बारा व्होल्टची बॅटरी भरायला चौदाच्या वर लागतात, आणि उन्हात तापलेलं पॅनल व्होल्ट गमावतं. म्हणून आधीच वरची बाजू ठेवलेली असते.

सिरीजमध्ये व्होल्टची बेरीज होते, अँपिअरची होत नाही. सगळ्यांतून एकच प्रवाह जातो, आणि तो किती ते सगळ्यात अशक्त सेल ठरवतो. मंगल कार्यालयाच्या अरुंद जिन्यावरून वऱ्हाड जेवायला खाली उतरतंय आणि सगळ्यात पुढे गुडघे धरलेल्या आत्याबाई आहेत, असं समजा. मागे पैलवान असोत, धावपटू असोत, वा पहिल्या पंगतीसाठी सकाळपासून उपाशी राहिलेले मेव्हणे असोत, वेग आत्याबाईंचाच. बरं, मागचे स्वस्थ उभे राहत नाहीत. ते रेटतात. त्या रेट्याने कुणी लवकर जेवत नाही, नुसता आत्याबाईंना घाम फुटतो. सावलीत सापडलेल्या सेलचं हेच होतं. त्याच्या मागेपुढे उन्हात बसलेले वीसएक सेल आपली सगळी ताकद त्याच्यातून ढकलू बघतात. तो वीज द्यायचं सोडून खायला लागतो, आणि वाईटात वाईट वेळी शंभराच्या घरातले वॉट त्या एवढ्याशा चौकोनात उष्णता होऊन जिरतात. मागचा पांढरा थर करपतो, काच तडकते. त्याला हॉट स्पॉट म्हणतात. यावर उपाय म्हणून कार्यालयवाल्याने बाजूचा दुसरा जिना उघडून द्यावा, तसा पॅनलच्या पाठीमागच्या डबीत बायपास डायोड असतो. तो अडलेल्या सेलांना वळसा घालून बाकीच्यांची वाट मोकळी करतो. आत्याबाईंच्या दोन्ही बाजूंचे सज्जनही त्यात जागीच राहतात, कारण एका पॅनलला असे डायोड तीनच. एकावर एक तृतीयांश पॅनलची जबाबदारी. म्हणजे एका सेलवर सावली पडली तरी पॅनलचा तिसरा हिस्सा सुट्टीवर.

हे गणित सोसायटीच्या सभेत मांडून बघावं. गच्चीवर सावली पाडणाऱ्या वस्तूंची तिथे रीतसर वंशावळ निघते. काळी टाकी बिल्डरची, डिश अँटेना माजी चेअरमनची, आणि दोरीवर वाळणारी गोधडी तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनींची. ‘एवढ्याशा कोपऱ्याने काय होतंय?’ असं वहिनी विचारतात. तिसरा हिस्सा जातो म्हणून सांगितलं तर त्यांना वाटतं आपण त्यांच्या गोधडीच्या मापावर बोलतोय. हल्लीच्या १४४ अर्ध्या सेलांच्या पॅनलात वरचा आणि खालचा भाग एकमेकांना पॅरलल जोडलेला असतो; त्यामुळे गोधडी खालच्या भागावर आली तर वरचा चालू राहतो. ही माहिती वहिनींना देऊ नये.

कबुतरांचा मुद्दा वेगळा. सेक्रेटरींना त्यांच्यावर नोटीस काढता येत नाही. पुण्या-मुंबईत पॅनल आणि गच्ची यांच्यामधली वीतभर जागा कबुतरांसाठीच अनुदानातून बांधून दिलीय, असा त्यांचा समज झालेला दिसतो. खाली घर, वर शौचालय. पानाची सावली सरकते तरी. ही सावली दिवसभर जागची हलत नाही, आणि वाळली की एका पावसाने निघतही नाही. म्हणून पॅनल धुवायचं. तेही सकाळी लवकर, गार असताना. भर दुपारी तापलेल्या काचेवर गार पाण्याची बादली ओतणारे लोक घराघरांत आहेत आणि त्यांना काचेचा आवाज येईपर्यंत कुणाचं ऐकायचं नसतं.

‘मग पॅरललच बरं,’ असं आपले तज्ज्ञ म्हणतात ते इथे. प्लसला प्लस, मायनसला मायनस. व्होल्ट तेवढेच राहतात, अँपिअरची बेरीज होते, कुणाचं कुणावाचून अडत नाही. ऐकायला फार छान. पण अँपिअर वाढले की वायर तापते, आणि ती हिशेबाने तापत नाही : प्रवाह दुप्पट झाला की उष्णता चौपट. सहा पॅनलं पॅरलल केली तर ऐंशीच्या घरात अँपिअर होतात आणि गच्चीवरून खाली मनगटाएवढी तांब्याची केबल आणावी लागते. तिची किंमत कळली की तज्ज्ञांना अचानक सिरीजचे गुण दिसू लागतात. धोका दोन्हीकडे आहे. सिरीजमध्ये तो व्होल्ट होऊन बसतो आणि पॅरललमध्ये अँपिअर.

यातच भाचा येतो. त्याच्याकडे शेतावरून काढलेलं एक जुनं पॅनल असतं आणि ते फुकट असतं. फुकटाला नाही म्हणण्याची आपल्याकडे पद्धत नाही. नऊ अँपिअरच्या पॅनलांबरोबर हे पाच अँपिअरचं सिरीजमध्ये घातलं की सगळ्यांचे जवळपास पाचच होतात. पॅरललमध्ये घातलं तर त्याचे अठरा व्होल्ट इतरांच्या छत्तिसांना खाली ओढतात. फुकटचं पॅनल विकतच्या पॅनलांची वीज घालवतं, आणि भाचा दर दिवाळीला विचारतो, ‘मामा, माझं पॅनल कसं चाललंय?’

फ्यूजचं सांगायला हवं, कारण तिथे वायरमनही घाई करतात. एका रांगेत जोडलेल्या पॅनलांना स्ट्रिंग म्हणतात. दोन सारख्या स्ट्रिंग पॅरलल असतील आणि एकीत दोष निर्माण झाला, तर दुसरी तिच्यात उलटा प्रवाह सोडेल तो फार तर तिच्या स्वतःच्या ताकदीएवढा, समजा तेरा-चौदा अँपिअर. तेवढा पॅनलला सोसतो. तीन झाल्या की दोघी मिळून तिसरीवर धावतात. सव्वीस-अठ्ठावीस अँपिअर होतात, आणि पॅनलच्या स्टिकरवर जास्तीत जास्त फ्यूज २० किंवा २५ चा लिहिलेला असतो. म्हणून तिसरी स्ट्रिंग घरात आली की प्रत्येकीला स्वतंत्र फ्यूज लागतो. स्ट्रिंग पॅरलल करण्याआधी प्रत्येकीवर मीटर लावून प्लस-मायनस आणि व्होल्ट बघायचे. वायरचा लाल रंग बघून प्लस ठरवणाऱ्यांनी एवढं लक्षात घ्यावं, की वायर ओढणाऱ्या पोराकडे लाल संपली असेल तर त्याने काळीवर काम भागवलेलं असतं.

साध्या तीन किलोवॉटच्या घरात ५४० वॉटची सहा पॅनलं सिरीजमध्ये असतात. एकेकाचे मोकळे व्होल्ट पन्नासाच्या आसपास, म्हणजे तीनशे. घरातल्या २३० हून जास्त, आणि वर डीसी. इथे आपली वीज मंडळाच्या शाळेत शिकलेली सगळी विद्या एकेक करून नापास होते. पहिला टेस्टर. तो पेटला नाही म्हणजे वीज नाही, हा निष्कर्ष गच्चीवर धरायचा नाही. डीसीवर लावलेला मल्टिमीटर हवा, आणि तोही तेवढे व्होल्ट सोसणारा. दुसरा विश्वास असा, की शॉर्ट झालं तर एमसीबी पडेल. घरात शॉर्ट झालं की शेकडो अँपिअर धावतात आणि एमसीबी पडतो. पॅनल कामात तेरा अँपिअर देतं आणि शॉर्ट केलं तर चौदा. एमसीबीला वाटतं, जरा ऊन वाढलंय. तो पडत नाही आणि वायर तापत राहते.

तिसरी सवय पिन उपटण्याची. चालू इस्त्रीची पिन ओढली तर ठिणगी उडते आणि विझते, कारण आपली एसी वीज सेकंदाला शंभरदा शून्यावर येते. ठिणगीला मरायला शंभर संधी मिळतात. डीसी शून्यावर येतच नाही. भर उन्हात चालू स्ट्रिंगचा कनेक्टर ओढला तर दोन टोकांमध्ये जाळ धरून राहतो, टोकं लांब नेली तर तोही लांबतो आणि हातातलं प्लास्टिक वितळेपर्यंत थांबत नाही. एसीचा एमसीबी डीसीला लावला तर हाच जाळ त्याच्या पोटात पेटतो. दिसायला दोन्ही एमसीबी सख्खे भाऊ, दुकानात शेजारी बसतात आणि एसीचा स्वस्त असतो. हे तिन्ही गुण एकत्र आले की आपल्याकडे तोच विकत घेतला जातो. डीसीच्या काही एमसीबींना तर उलटसुलटही कळतं. प्लस-मायनस चुकवून लावला तर आतलं चुंबक जाळ विझवायच्या जागी नेण्याऐवजी भलत्याच दिशेला ढकलतं.

कनेक्टरचंही तसंच. एमसीफोर कनेक्टर दाबायला त्याचं वेगळं क्रिम्पिंग टूल येतं. वायरमनकडे पक्कड असते. पक्कड हे आपल्याकडचं राष्ट्रीय अवजार आहे. तिने खिळा ठोकता येतो, बाटलीचं झाकण उघडता येतं, चहाचं पातेलं उतरवता येतं. तिने दाबलेला कनेक्टर दिसतोही बरा. आत तांबं ढिलं राहतं, पहिल्या उन्हाळ्यात तापतं, दुसऱ्यात काळं पडतं. दोन वेगळ्या कंपन्यांचे कनेक्टर एकमेकांत बसवल्यावर ‘बसतंय की!’ असा जो आनंदाचा उद्‌गार निघतो, तोही ऐकल्याबरोबर थांबवावा. बसणं वेगळं आणि पंचवीस वर्षं ऊनपाऊस सोसत नांदणं वेगळं.

थंडीची गंमत निराळीच. उन्हाळ्यात वीज जास्त, थंडीत कमी, हे सगळ्यांना पटलेलं असतं आणि युनिटच्या हिशेबात ते बऱ्यापैकी खरंही आहे. व्होल्टचं मात्र उलटं. सेल जितका गार तितके व्होल्ट चढे, अंशामागे साधारण ०.३ टक्के. स्टिकरवरचा आकडा २५ अंशांचा असतो. आता निफाडच्या एखाद्या द्राक्षबागायतदाराने बंगल्यावर बारा पॅनलं एका ओळीत सिरीज केली : साडेएकोणपन्नास गुणिले बारा, ५९४ व्होल्ट. इन्व्हर्टरवर लिहिलंय कमाल ६००. सहा व्होल्ट शिल्लक पाहून माणूस हिशेबावर खूश होतो. जानेवारीत निफाडचा पारा पाच अंशांवर येतो, बागेत द्राक्षांना ऊब मिळावी म्हणून शेकोट्या पेटतात, आणि सूर्य डोंगरावर आला की गार पॅनलांतून ६३० व्होल्ट इन्व्हर्टरमध्ये उतरतात. कडाक्याच्या थंडीत इन्व्हर्टर जळाला हे वॉरंटीवाल्याला फोनवर समजावून सांगणं फार अवघड जातं. म्हणून सिरीजमध्ये किती पॅनलं, हे गच्चीच्या लांबीवरून ठरत नाही. आपल्या गावच्या सगळ्यात गार सकाळीवरून ठरतं.

एवढं सगळं नीट जोडल्यावर एक दिवस रस्त्यावरची लाइट जाते आणि आपलीही जाते. टळटळीत ऊन, गच्चीवर तीन किलोवॉट, आणि खाली सगळे पुठ्ठ्याने वारा घेतायत. शेजारचे काका यासाठीच थांबलेले असतात. ‘एवढा खर्च करून तुमचीही जाते का हो?’ बॅटरीविना असलेला इन्व्हर्टर रस्त्याची वीज गेली की स्वतःहून थांबतो, कारण कोपऱ्यावरच्या खांबावर चढलेल्या लाइनमनच्या हाती आपली वीज लागू नये, हे त्यांना समजावून सांगता येतं. ते मान डोलावतात. मग म्हणतात, ‘पण जाते ना?’

त्याच वेळी गच्चीवरच्या वायरीत तीनशे व्होल्ट तसेच असतात. घरात लाइट नाही म्हणून ‘आता वर जाऊन तो ढिला कनेक्टर बघून घेतो’ म्हणणाऱ्या गृहस्थांचा हात धरावा तो या घटकेला. बघायचाच तर क्रम असा : आधी इन्व्हर्टरचा एसी खटका, मग डीसी आयसोलेटर, मग क्लॅम्प मीटरने प्रवाह शून्य झालाय याची खात्री, आणि त्यानंतर कनेक्टर. तोही शक्यतो दिवस मावळल्यावर, नाहीतर पॅनलांवर जाड ताडपत्री टाकून. नवी स्ट्रिंग जोडताना मधला एक जोड शेवटपर्यंत उघडा ठेवतात, म्हणजे तीनशेचे दोन दीडशे होतात आणि वर्तुळ पुरं होत नाही. चांगल्या वायरमनला हे सगळं माहीत असतं. त्याची अडचण एवढीच, की संध्याकाळी त्याला दुसरं काम असतं आणि आपल्याला सकाळी ऑफिस असतं, त्यामुळे दोघांच्या सोयीची वेळ रविवार दुपारी बारा ही निघते.

तो रविवारी येतो, आणि आल्या आल्या पॅनलच्या स्टिकरवरचे आकडे मागतो. मोकळे व्होल्ट, शॉर्टचे अँपिअर, फ्यूजची मर्यादा, सगळं त्या एका कागदावर आहे. कागद पॅनलच्या पाठीवर आहे. पाठ गच्चीकडे तोंड करून वीतभर उंचीवर आहे. पॅनल चढवण्याआधी मोबाइलवर फोटो काढून ठेवायला सांगितलं होतं. फोटो काढलाय, त्यात पॅनलापुढे उभे असलेले सगळे नातेवाईक आहेत. वायरमन पालथा होऊन टॉर्च मारतो.

‘दिसतंय का दादा?’

‘स्टिकर दिसतंय. पण त्याच्यापुढे कबुतर बसलंय, साहेब. अंड्यावर आहे.’

‘हाकल की.’

‘नको हो,’ मागून वहिनींचा आवाज येतो. ‘पंधरा-वीस दिवसांनी या तुम्ही. संध्याकाळचे या.’